टक्केवारीत न मावणारा ॲशर

चौकोनी स्टेप कटचा, म्हणजे पायऱ्यांसारख्या पैलूंचा हिरा घ्यायला निघालेल्या गिऱ्हाइकाच्या मोबाइलमध्ये हल्ली एक तक्ता असतो. एकूण खोली अमुक टक्क्यांच्या आत, टेबल (वरचा सपाट पैलू) तमुक टक्क्यांच्या आत, पॉलिश आणि सममिती 'एक्सलंट'. त्यात बसेल तो खडा उत्तम, बाकीचे बाद. दुकानदारही आता हीच भाषा बोलतात. ॲशर या चौकोनी स्टेप कटच्या बाबतीत हे मत मला साफ चुकीचे वाटते. त्यापायी चांगले हिरे पडून राहतात आणि निस्तेज हिरे चढ्या भावाने खपतात.

पूर्वपक्ष कच्चा नाही, हे आधी मान्य करायला हवे. मार्सेल टोल्कोवस्की याने 1919 साली ब्रिलियंट कटच्या कोनांचे गणित मांडले. हिऱ्यांना प्रमाणपत्र देणाऱ्या जीआयए या संस्थेने 2006 पासून गोल ब्रिलियंटला कटची श्रेणी द्यायला सुरुवात केली. गोल हिऱ्यातली पैलूंची मांडणी ठरलेली असते आणि मुख्य कोन प्रमाणपत्रावर छापलेले असतात. तिथे आकड्यांवर विसंबावे.

ॲशरची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या पॅव्हेलियनवर, म्हणजे गर्डलच्या (कडेच्या पट्ट्याच्या) खालच्या भागात, पैलूंच्या एकाखाली एक ओळी असतात, बहुधा तीन. गर्डलजवळची सर्वांत उभी, टोकाजवळची सर्वांत पसरट. आत शिरलेला किरण पैलूच्या लंबाशी सुमारे 24.4 अंशांहून मोठा कोन करून आदळला तर आतच परततो, एरवी बाहेर निसटतो. म्हणजे खड्याचे तेज या तिन्ही ओळींच्या उतारावर ठरते, आणि नेहमीच्या प्रमाणपत्रावर ते उतार नसतात.

एकूण खोलीचा आकडा तर सरळ दिशाभूल करतो. समजा, दोन खडे आहेत, दोन्हींची खोली 68 टक्के. पहिल्यात क्राउन (गर्डलच्या वरचा भाग) 16, गर्डल 3 आणि पॅव्हेलियन 49; दुसऱ्यात क्राउन 9, गर्डल 7 आणि पॅव्हेलियन 52. पहिल्याने ती खोली वरच्या उंच क्राउनमध्ये खर्च केली आहे, तिथून रंगांची झळक मिळते. दुसऱ्याने जाड गर्डलमध्ये आणि फुगलेल्या पोटात वजन दडवले आहे. गिऱ्हाईक कॅरटचे पैसे मोजते आणि वरून दिसतो लहान खडा. तक्ता दोघांनाही एकच गुण देतो.

ॲमस्टरडॅमच्या जोसेफ ॲशर यांनी 1902 साली हा कट घडवला, तेव्हा त्याची ओळखच लहान टेबल, उंच क्राउन, खोल पॅव्हेलियन आणि रुंद छाटलेले कोपरे ही होती. 1908 मध्ये 3,106 कॅरटचा कलिनन फोडणारे ते हेच. त्यांच्या घडणीचे कितीतरी जुने खडे आजच्या तक्त्यात नापास होतील. मूळ घाटालाच नापास करणारी कसोटी त्या घाटाची कसोटी कशी?

'एक्सलंट' शेऱ्यांचेही तेच. पॉलिश सांगते पृष्ठभाग किती गुळगुळीत, सममिती सांगते पैलू एकमेकांशी किती जुळलेले. कोन चुकले तर ते चारही बाजूंनी सारखेच चुकू शकतात, आणि सममिती तरीही उत्कृष्ट राहते.

म्हणून खडा चिमट्यात धरून हळूहळू कलता करावा. चांगल्या ॲशरमध्ये एकात एक चौकोन दिसतात आणि खडा हलेल तसे ते आळीपाळीने उजळतात, विझतात. चार कोपऱ्यांतून निघालेल्या रेषा मध्यावर एका बिंदूत भेटतात. मध्ये आडवी रेघ उरली तर खडा चौरस उतरलेला नाही. मग सुटा खडा टेबलाची बाजू वर ठेवून छापील कागदावर धरावा. मधल्या चौकोनातून अक्षरे वाचता आली, तर तिथून प्रकाश गळतो आहे. शेवटी आडवा धरून बाजूने पाहावे. पोटाचा फुगवटा लगेच कळतो. पैलू मोठे आणि सपाट असल्याने टेबलाखालचा डागही इथे लपत नाही, तेव्हा शुद्धतेच्या 'व्हीएस' श्रेणीचा खडासुद्धा भिंगाशिवाय पाहून घ्यावा.

आकडे अगदी टोकाचे खडे वगळायला उपयोगी आहेत, तेवढ्यापुरते वापरावेत. भाव ठरवताना मात्र मी वजनाच्या आधी मिलिमीटर पाहीन. एक कॅरटच्या ॲशरची बाजू साधारण साडेपाच मिलिमीटर भरते. त्याहून बरीच कमी भरली आणि क्राउनही बसका निघाला, तर त्या खड्याला पूर्ण कॅरटचा भाव देऊ नये, मग प्रमाणपत्रावर काहीही लिहिलेले असो.