हजेरीपटावरील अस्वल

आपल्या लष्करी इतिहासात जनावरांचे उल्लेख विपुल आहेत. पण ते घोडे, हत्ती, उंट आणि बैल यांचे. शिलेदाराचा घोडा स्वतःचा आणि बारगिराचा सरकारी, हा भेद आपण वर्गातही शिकवतो. जे जनावर स्वार वाहते किंवा ओझे वाहते, त्याला दफ्तरात जागा मिळते. शिपायाने केवळ जीव रमावा म्हणून पाळलेल्या प्राण्याला ती सहसा मिळत नाही. दुसऱ्या महायुद्धात पोलिश सैन्यातील एका अस्वलाला ती मिळाली. ती कशी मिळाली, याचा विचार आम्हांस उद्बोधक वाटतो.

प्रथम हे शिपाई कोण होते ते सांगितले पाहिजे. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनी व सोव्हिएत रशिया यांनी पोलंड वाटून घेतला. पूर्व भागातील लक्षावधी माणसे पुढील दोन वर्षांत सैबेरिया व कझाकस्तान येथे हद्दपार झाली. जर्मनीने रशियावर स्वारी केल्यावर जुलै १९४१ मध्ये करार झाला, त्यांची सुटका होऊ लागली आणि जनरल आंडर्स यांच्या हाताखाली त्यांचे सैन्य उभे राहिले. १९४२ मध्ये हे सैन्य कास्पियन समुद्र ओलांडून इराणात आले. ज्यांचे नाव सैन्याच्या यादीत लागले, त्यांना व त्यांच्या कुटुंबीयांपैकी काहींना बाहेर पडता आले. बाकीचे असंख्य मागेच राहिले. बाहेर पडलेल्या बायकामुलांपैकी सुमारे ५,००० जणांना पुढे आपल्या कोल्हापूरजवळ, वळिवडे येथील छावणीत आसरा मिळाला.

त्याच वर्षीच्या एप्रिलात हमदानजवळ एका इराणी मुलाकडून या लोकांनी अस्वलाचे पिल्लू घेतले. त्याची आई शिकाऱ्यांनी मारली होती. ऑगस्टात ते एका रसद तुकडीकडे आले. तोफखान्याला दारूगोळा पोचवणारी बाविसावी तुकडी म्हणून ती पुढे प्रसिद्धीस आली. दारूच्या रिकाम्या बाटलीतून आटवलेले दूध पाजून शिपायांनी पिल्लाला जगवले आणि त्याचे नाव व्होयटेक ठेवले. ते शिपायांशी कुस्ती खेळे, बियर पिई आणि सिगारेटी चक्क खाऊन टाकी. ज्या तंबूंत अनेकांना आपली माणसे जिवंत आहेत की नाहीत हेही ठाऊक नव्हते, तेथे या आईवेगळ्या जिवाचे किती कौतुक झाले असेल ते निराळे सांगावयास नको.

१९४४ च्या आरंभी तुकडीला इजिप्तहून इटलीस जावयाचे होते. सैनिकी जहाजावर पाळीव प्राणी नेण्यास बंदी होती. तेव्हा व्होयटेकची शिपाई म्हणून रीतसर भरती करण्यात आली आणि त्याचे नाव तुकडीच्या हजेरीपटावर चढले. ही निव्वळ थट्टा होती असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. यादीत नाव असणे म्हणजे काय आणि नसणे म्हणजे काय, हे या माणसांइतके कोणाला कळले होते? ज्या उपायाने ते स्वतः वाचले, तोच त्यांनी पिल्लासाठी योजला.

मे १९४४ मध्ये मोन्ते कासिनोच्या लढाईत व्होयटेकने तोफगोळ्यांच्या पेट्या वाहिल्या, असे शिपायांच्या आठवणींत येते. गोळा वाहणारे अस्वल हे त्या तुकडीचे अधिकृत चिन्ह झाले. म्हणजे अखेरीस तेही ओझे वाहणारे जनावर म्हणूनच इतिहासात शिरले!

युद्ध जिंकूनही या शिपायांना घर मिळाले नाही. याल्टाच्या बैठकीत, फेब्रुवारी १९४५ मध्ये, त्यांचा पूर्व प्रदेश रशियाकडेच ठेवण्याचे ठरले. तुकडी १९४६ मध्ये स्कॉटलंडमधील विनफील्डच्या छावणीत आली. पुढे ती विसर्जित झाली, तेव्हा माणसांसाठी ब्रिटनने पुनर्वसनाचे दल काढले होते. त्या दलात अस्वलाची सोय नव्हती. नोव्हेंबर १९४७ मध्ये व्होयटेक एडिंबरोच्या प्राणिसंग्रहालयात गेला. वळिवड्याची छावणीही १९४८ मध्ये रिकामी झाली. फाळणीत घर गमावलेले सिंधी निर्वासित तेथे राहिले आणि आजचे गांधीनगर वसले.

एडिंबरोत व्होयटेक आणखी सोळा वर्षे जगला. डिसेंबर १९६३ मध्ये तो वारला. जुने सोबती त्याला भेटावयास येत, कुंपणाबाहेरून पोलिश भाषेत हाक मारीत आणि आत सिगारेटी टाकीत. त्या मात्र त्याला कोणी पेटवून देत नसे.