टाकीवरचे आकडे

पेंटबॉल नावाचा खेळ आता आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही खेळला जातो. दोन गट, लपायला आडोसे आणि प्रत्येकाच्या हाती बंदुकीसारखे एक यंत्र. यंत्रातून सुटलेली जिलेटीनची रंगीत गोळी अंगावर फुटली की तो खेळाडू बाद. डोळ्यांना इजा होऊ नये म्हणून सगळे मुखवटा घालतात. यंत्राला मागच्या बाजूने जोडलेल्या लिटरभराच्या टाकीकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. या टाकीत साधी हवाच असते, आपण श्वासावाटे घेतो तीच. फरक इतकाच की, ती सुमारे ३०० वातावरणे इतक्या दाबाखाली कोंडलेली असते.

हा फरक किती मोठा आहे ते आकड्यांत पाहू या. १.१ लिटर धारकतेची अशी भरलेली टाकी एकाएकी फुटली, तर हवेच्या प्रसरणातून सुमारे ७० किलोज्यूल ऊर्जा क्षणार्धात मोकळी होते. १००० किलो वजनाची मोटारगाडी सात मीटर, म्हणजे दोन मजले उंच उचलायला एवढी ऊर्जा पुरते. आपल्या देशाच्या कायद्याने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली. धातूच्या पात्रात दाबून भरलेला वायू हा विस्फोटक समजावा, असे सरकारने १८८४ च्या विस्फोटक कायद्याखाली १९३८ मध्ये जाहीर केले आणि १९४० मध्ये गॅस सिलिंडरांसाठी वेगळे नियम केले. या नियमांची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे.

एवढी ऊर्जा पोटात घेऊन मुले मैदानावर धावतात आणि सहसा काही होत नाही. ते का होत नाही, हा खरा कुतूहलाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर टाकीवर कोरलेल्या किंवा छापलेल्या काही आकड्यांत आहे, आणि त्या आकड्यांमागे तीन शतकांचा इतिहास आहे.

वाफेने दिलेला धडा

१६७९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ दनी पापँ याने लंडनमध्ये हाडे शिजवून मऊ करणारे एक घट्ट झाकणाचे भांडे तयार केले. आपल्या प्रेशर कुकरचे हे पूर्वज. दाब वाढून भांडे फुटू नये म्हणून त्याने झाकणावर एक झडप बसवली आणि ती तरफेला टांगलेल्या वजनाने दाबून धरली. दाब ठरावीक मर्यादेबाहेर गेला की झडप उचलली जाई आणि वाफ निघून जाई. भांड्यातला सर्वांत दुबळा भाग आपणच ठरवून ठेवायचा, म्हणजे फुटायची वेळ आली तर तो आधी सुटेल, ही कल्पना तेव्हापासून आजपर्यंत टिकून आहे. पेंटबॉलच्या टाकीवरही धातूच्या दोन पातळ चकत्या असतात. एक टाकीतल्या दाबासाठी, तर दुसरी दाब कमी करणाऱ्या नियंत्रकाच्या पुढच्या भागासाठी. दाब वाढला तर चकती फाटते आणि टाकी वाचते.

पण झडप म्हणजे सुरक्षिततेची पूर्ण हमी नव्हे, हे एकोणिसाव्या शतकात बॉयलरांनी दाखवून दिले. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलरचा मोठा स्फोट होऊन माणसे दगावली आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. १८६५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी नदीवर ‘सुलताना’ या आगबोटीचे बॉयलर फुटून हजाराहून अधिक लोक मरण पावले. त्यानंतर २० मार्च १९०५ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील ब्रॉक्टन गावी एका बुटांच्या कारखान्यातला बॉयलर फुटला. इमारत कोसळली, आग लागली आणि ५८ जण गेले. पत्र्यांच्या कडा एकमेकींवर ठेवून रिव्हेटांनी जोडत, त्या सांध्याच्या आत तडा गेला होता. तो बाहेरून दिसणे शक्यच नव्हते.

या अपघाताने विचाराची दिशा बदलली. तोवर स्फोट झाला की बॉयलरवाल्याच्या निष्काळजीपणाकडे बोट दाखवून लोक मोकळे होत. आता पत्रा किती जाड असावा, सांधा कसा असावा, चाचणी कोणी व कधी घ्यावी, हे आधीच लिहून ठेवायला हवे, हे पटले. मॅसॅच्युसेट्सने १९०७ मध्ये बॉयलरसाठी नियम केले. पुढे अमेरिकेतील यंत्र अभियंत्यांच्या संस्थेने १९१५ मध्ये आपली बॉयलर संहिता मंजूर केली. दाबपात्रांविषयी आज जगभर चालणाऱ्या नियमांवर या संहितेची मोठी छाप आहे.

पाण्याची परीक्षा

टाकी मजबूत आहे हे ओळखायचे कसे? तिच्यात जास्त दाबाने हवा भरून पाहावी, असे प्रथम सुचते. पण टाकी कच्ची निघाली तर परीक्षा घेणाराच जखमी व्हायचा. म्हणून परीक्षा पाण्याने घेतात. पाणी जवळजवळ दाबले जात नाही, त्यामुळे त्यात ऊर्जाही फार साठत नाही. मघाच्याच टाकीत हवेऐवजी तेवढ्याच दाबाचे पाणी असेल, तर साठलेली ऊर्जा साधारण २५० ज्यूल भरते, म्हणजे हवेच्या पावणेतीनशेव्या हिश्शाएवढी. टाकी फुटलीच तर तडा जाऊन पाणी गळेल; तुकडे दूरवर उडणार नाहीत.

परीक्षेची रीत वर्गात सांगण्याजोगी आहे. टाकी पाण्याने भरून ती पाण्याने भरलेल्याच एका मोठ्या बंद पात्रात ठेवतात. मग टाकीतल्या पाण्याचा दाब नेहमीच्या दाबाच्या ५/३ पट, म्हणजे सुमारे ५०० वातावरणांपर्यंत वाढवतात. टाकी किंचित फुगते आणि बाहेरच्या पात्रातले तेवढे पाणी सरकते. ते मोजले की एकूण प्रसरण कळते. दाब काढल्यावर टाकी पूर्ववत व्हायला हवी. जे प्रसरण शिल्लक राहते ते कायमचे. अमेरिकेच्या नियमांनुसार धातूच्या टाकीत ते एकूण प्रसरणाच्या १० टक्क्यांहून अधिक भरले, तर टाकी बाद. पूर्णपणे कार्बन तंतू गुंडाळलेल्या टाकीला ५ टक्क्यांचीच मुभा आहे. हूकचा नियम आणि स्थितिस्थापकतेची मर्यादा आपण तारेला वजने टांगून शिकवतो. ही तीच गोष्ट, फक्त येथे तिच्यावर कोणाचा तरी जीव अवलंबून असतो.

अग्निशामकांकडून खेळाडूंकडे

जुन्या पोलादी टाक्या भक्कम, पण जड. पाठीवर टाकी घेऊन जळत्या घरात शिरणाऱ्या अग्निशामक जवानांना हे ओझे त्रासाचे होई. १९७१ मध्ये अमेरिकेच्या नासा या अवकाश संस्थेने त्यांच्यासाठी हलके श्वसनयंत्र बनवण्याचे काम हाती घेतले. ॲल्युमिनियमच्या पातळ टाकीवर काचतंतू राळेत भिजवून गुंडाळायचे, ही युक्ती अग्निबाणांच्या कवचांवरून आली होती. १९७४-७५ मध्ये न्यूयॉर्क, ह्यूस्टन आणि लॉस एंजेलिस येथील अग्निशमन दलांनी हे यंत्र वापरून पाहिले. पुढे काचतंतूंची जागा कार्बन तंतूंनी घेतली. पेंटबॉलची आजची हलकी टाकी ही याच घराण्यातली.

अमेरिकेच्या नियमांत कार्बन तंतूंच्या अशा टाकीने नेहमीच्या दाबाच्या किमान ३.४ पट दाब सोसला पाहिजे. दर पाच वर्षांनी तिची पाण्याने परीक्षा होते, आणि पंधरा वर्षांनंतर ती कितीही चांगली दिसत असली तरी वापरातून काढतात. चांगली टाकी मोडीत कशाला घालायची, असे कोणालाही वाटेल. पण टाकी जोरात आपटली तर आतल्या आत थर सुटतात आणि बाहेर नुसता ओरखडा दिसतो. ब्रॉक्टनच्या सांध्यातला तडाही असाच दडलेला होता.

धातूही दगा देतो. ६३५१ या क्रमांकाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या टाक्यांच्या गळ्याशी, नुसत्या सततच्या ताणाने, वर्षानुवर्षे सावकाश तडे वाढत असल्याचे आढळले. पाणबुड्यांच्या काही टाक्या तर भरताना फुटल्या. उत्पादकांनी मिश्रधातू बदलला. जुन्या टाक्यांचे गळे विद्युत प्रवाहाच्या साहाय्याने तपासण्याचे बंधन अमेरिकेत २००७ पासून आले.

दुबळा दुवा कोणता?

पेंटबॉलचा पहिला खेळ २७ जून १९८१ रोजी अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यातील हेनिकर येथे झाला. यंत्रे होती झाडांवर व गुरांवर रंगाची खूण करण्यासाठी बनवलेली, आणि ती चालत कार्बन डायऑक्साइडच्या १२ ग्रॅमच्या छोट्या नळकांड्यांवर. नंतर पुन्हा भरता येणाऱ्या टाक्या आल्या. त्यांत हा वायू द्रवरूपात असतो. २० अंश सेल्सिअसला त्याचा दाब सुमारे ५७ वातावरणे असतो आणि उन्हात तो झपाट्याने वाढतो. उच्च दाबाची हवा लोकप्रिय होण्यामागे हेही एक कारण आहे.

२००३ आणि २००४ मध्ये अमेरिकेत कार्बन डायऑक्साइडच्या टाक्यांमुळे दोन मृत्यू झाले. टाकी फुटली नव्हती. झडप टाकीच्या गळ्यात आट्यांनी बसवलेली असते आणि झडपेचे दुसरे टोक आट्यांनीच यंत्रात बसते. टाकी काढण्यासाठी फिरवताना झडप यंत्रातच राहिली आणि टाकी झडपेपासून सुटली. गळ्याचे तोंड दीड सेंटिमीटर व्यासाचे धरले, तर ५७ वातावरणांना तेथे सुमारे शंभर किलो वजनाइतका रेटा बसतो. टाकी अग्निबाणासारखी सुटते. ग्राहकांच्या सुरक्षिततेचे काम पाहणाऱ्या तेथील सरकारी आयोगाने इशारा दिला. उपाय साधा होता : झडप आणि टाकी यांवर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढायची. टाकी फिरवताना रेघ तुटलेली दिसली की हात थांबवायचा.

टाकी भरतानाचा धोकाही असाच क्षुल्लक वाटतो. भरण्याच्या तोंडाला तेलाचा थेंब असेल आणि हवा एकदम सोडली, तर ती झटकन दाबली जाऊन तापते आणि तेल पेट घेऊ शकते. डिझेल इंजिनात ठिणगीवाचून इंधन पेटते ते याच कारणाने. म्हणून हवा सावकाश भरायची आणि तेथे तेल किंवा ग्रीस लावायचे नाही.

वर्गासाठी

विद्यार्थ्यांना हे दाखवायला पेंटबॉलच्या मैदानावर जाण्याची गरज नाही. घरच्या स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर पुरेल. वरच्या कड्याला धरणाऱ्या एका पट्टीवर आतून ए, बी, सी किंवा डी यांपैकी एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. ‘ए’ म्हणजे जानेवारी ते मार्च, ‘डी’ म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. त्या तिमाहीपर्यंत पुढची परीक्षा व्हायला हवी. प्रत्येकाने घरी पाहून ही नोंद वहीत लिहून आणावी. कोणाचा सिलिंडर मुदत उलटलेला निघाला, तर गॅस वितरकाला ते कळवावे.

आणि शाळेची सहल पेंटबॉलच्या मैदानावर नेण्याचे ठरले, तर शिक्षकांनी मुखवट्यांबरोबर टाक्याही पाहाव्यात : शेवटच्या परीक्षेची तारीख कोणती, टाकी कोणत्या साली बनली, किती दाबासाठी बनली. ‘काही होत नाही हो, रोज खेळतात’ असे उत्तर मिळण्याचा संभव आहे. रोज काही होत नाही, कारण कोणीतरी रोज तारखा पाहत असते. तेथे तसे कोणी नसेल, तर सहल दुसरीकडे न्यावी.