बोटातली ‘नो मॅन्स लँड’

काचेने बोट कापलं, जखम भरली, पण बोट आता वाकतच नाही. मूठ वळली की ते एकटं ताठ.

तळहाताच्या वरच्या आडव्या रेषेपासून बोटाच्या मधल्या सांध्यापर्यंत दोन टेंडन एकाच अरुंद नळीतून सरकतात. तिथे टाका घातला की ते नळीलाच चिकटतात. १९४४ मध्ये ‘सर्जरी ऑफ द हँड’ लिहिणारे अमेरिकन सर्जन स्टर्लिंग बनेल या पट्ट्याला ‘नो मॅन्स लँड’ म्हणत. त्यांचा सल्ला होता, इथे फक्त कातडी शिवा. नंतर मनगटातला पामारिस काढून बोटात बसवा. (अंगठा-करंगळी जुळवून मनगट वाकवा, मधोमध दोरी उठते ती हीच. काहींना नसते, बिघडत काही नाही.)

१९६०च्या दशकात लुइव्हिलच्या हॅरॉल्ड क्लाइनर्ट यांनी हा नियम मोडला. टेंडन लगेच शिवायचा, नख रबरबँडने मनगटाकडे ओढून ठेवायचं. पेशंट बोट सरळ करतो, रबर ते परत वाकवतं. टेंडनवर जोर न पडता तो सरकत राहतो, चिकटत नाही. अनेक सर्जनना हे पटेना. बनेल यांच्या काळी शिवलेलं बोट हलूच देत नसत, त्यामुळे ते चुकले असं म्हणवत नाही. शिवाय दुखापतीला कित्येक महिने उलटून गेले असतील, तर आजही बहुतेकदा मनगटातली ती दोरीच कामी येते.