साक्षीदाराची उलटतपासणी : मूक युद्धपट आणि घरातली प्रत

आजचा विषय कार्यक्रमपत्रिकेत वाचून काहींना वाटलं असेल, की इतिहासाच्या मालिकेत हा सिनेमा कुठून आला? तर जुन्या युद्धपटांचे आणि मूकपटांचे शौकीन जगभर आहेत. ते घरी डीव्हीडी, ब्लू-रे जमवतात आणि एकमेकांना तासन् तास विचारत बसतात : अमक्या चित्रपटाची कोणती आवृत्ती बरी? कुठल्या डिस्कवर संगीत मूळचं आहे? कुठल्या प्रतीत चार दृश्यं जास्त आहेत? बाहेरून बघणाऱ्याला हा रिकामटेकडा उद्योग वाटतो. आमचं म्हणणं असं, की ही मंडळी इतिहासकाराचंच काम करत असतात. पुरावा हातात घेऊन तो कुठून आला, मध्ये कुणाकुणाच्या हातांतून गेला, हे विचारणं म्हणजेच इतिहास.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे सुरुवात तिथूनच करू. आपल्या न्यायदर्शनात ज्ञानाची साधनं, म्हणजे प्रमाणं, चार सांगितली आहेत. त्यांतली दोन आज आपल्या कामाची. एक प्रत्यक्ष, म्हणजे इंद्रियांनी थेट मिळालेलं ज्ञान. दुसरं शब्द, म्हणजे विश्वासू माणसाच्या सांगण्यावरून मिळालेलं ज्ञान. आता प्रश्न असा, की युद्धाची चित्रफीत यांपैकी कशात बसते? डोळ्यांनी पाहतो म्हणून आपण तिला प्रत्यक्ष समजतो. पण आपण तिथे नव्हतो. तिथे कॅमेरावाला होता. कुठे उभं राहायचं, केव्हा हँडल फिरवायचं, हे त्याने ठरवलं. पुढे कुणीतरी ती फीत कापली, जोडली, मध्ये पाट्या घातल्या. म्हणजे आपण जे पाहतो ती साक्ष आहे. आणि साक्ष आली की साक्षीदाराची उलटतपासणी आलीच. ती कशी करायची, हेच आज पाहू.

पहिलं उदाहरण घेऊ १९१६ सालचं. फ्रान्समध्ये सोम नदीच्या परिसरात १ जुलैला ब्रिटिशांनी मोठा हल्ला सुरू केला. त्या एका दिवसात त्यांचे १९,२४० सैनिक मेले. जखमी आणि बेपत्ता धरले तर आकडा ५७ हजारांच्या वर जातो. त्या आघाडीवर जेफ्री मॅलिन्स आणि जे. बी. मॅकडॉवेल असे दोन कॅमेरावाले होते. त्यांच्या फितींमधून 'द बॅटल ऑफ द सोम' हा चित्रपट तयार झाला आणि ऑगस्टमध्ये लंडनला लागलासुद्धा! लढाई चालली नोव्हेंबरपर्यंत. म्हणजे लोक थिएटरात बसून जी लढाई पाहत होते, ती त्या क्षणी चालूच होती. पहिल्या सहा आठवड्यांत सुमारे दोन कोटी तिकिटं खपली, असा अंदाज इतिहासकार देतात. आया, बायका, बहिणी पडद्यावर आपलं माणूस दिसतं का, ते शोधत होत्या.

या चित्रपटातलं सर्वांत प्रसिद्ध दृश्य कोणतं? सैनिक खंदकातून वर चढतात, एक जण चढता चढता मागे घसरून पडतो, बाकीचे धुरात पुढे जातात, त्यांतलेही काही कोसळतात. पहिल्या महायुद्धावरच्या माहितीपटांत हे दृश्य इतक्यांदा वापरलं गेलं आहे, की आपण सगळ्यांनी ते कधी ना कधी पाहिलेलं असतं. आणि नेमकं हेच दृश्य रचलेलं आहे. आघाडीच्या मागे, प्रशिक्षणाच्या जागी ते घेतलं, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे.

हे कळलं कसं? सावकाश, पुन्हा पुन्हा पाहून. हल्ल्याला निघालेल्या सैनिकांच्या पाठीवर जे ओझं असायला हवं, ते नाही. कॅमेरा ज्या जागी आहे, तिथे खऱ्या गोळीबारात माणूस उभा राहूच शकला नसता. आणि मेलेला म्हणून पडलेला एक सैनिक थोड्या वेळाने चक्क पायावर पाय टाकतो! थिएटरात हा क्षण निघून जातो. घरी मात्र आपण बटण दाबून थांबवतो, मागे जातो, पुन्हा बघतो. संग्रहालयातल्या अभ्यासकाला टेबलावर बसून जे करता येत होतं, ते आता कुणालाही दिवाणखान्यात करता येतं. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमने हा चित्रपट दुरुस्त करून २००८ मध्ये डीव्हीडीवर आणला, तेव्हापासून ही उलटतपासणी सर्वांना खुली झाली.

पण थांबा. एवढ्यावरून "म्हणजे सगळंच खोटं" असं म्हणून मोकळं होणारेही पुष्कळ असतात. तेही बरोबर नाही. त्याच चित्रपटात हॉथॉर्न रिजवरचा सुरुंग उडताना दिसतो. तो १ जुलैच्या सकाळी ७ वाजून २० मिनिटांनी खरोखर उडाला आणि मॅलिन्सने तो टिपला. जखमी सोबत्याला पाठीवर घेऊन खंदकातून येणारा सैनिक दिसतो. हल्ल्याआधी खोलगट वाटेत दबा धरून बसलेले सैनिक दिसतात, आणि त्यांच्या डोळ्यांतली भीती काही कुणी शिकवलेली नाही. रचलेला भाग एकूण चित्रपटाच्या मानाने अगदी थोडा आहे. साक्षीदार एका प्रश्नाला खोटं बोलला म्हणून त्याची सगळी साक्ष न्यायाधीश फेकून देत नाही. तो प्रत्येक वाक्य वेगळं तपासतो. आपणही तेच करायचं.

आता याच्या अगदी उलट उदाहरण. फ्रेंच दिग्दर्शक आबेल गान्सचा 'जाक्यूझ', १९१९ सालचा. ही सरळसरळ रचलेली कथा. तिच्या शेवटी रणांगणावरचे मृत सैनिक उठतात आणि आपल्या गावी चालत जातात, विचारायला, की आमच्या मरणाचं तुम्ही काय केलंत? हे मृत सैनिक झाले होते रजेवर आलेले खरे सैनिक. चित्रीकरण संपल्यावर ते आघाडीवर परतले आणि त्यांतले बहुतेक मारले गेले, असं गान्स पुढे सांगत असे. 'सोम'मध्ये खऱ्या युद्धातलं एक मरण नाटकी आहे, आणि इथे नाटकातलं मरण खरं ठरलं. मग यांतला खरा युद्धपट कोणता? नुसत्या चौकटीकडे पाहून याचं उत्तर मिळत नाही. ती चौकट कशी तयार झाली, हा इतिहास माहीत असावा लागतो.

दुसरा मुद्दा प्रतीचा. आपण सहज म्हणतो, "मी तो चित्रपट पाहिला आहे." कोणता पाहिलात? मूकपटाच्या बाबतीत हा प्रश्न फार खरा आहे. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवत, सेकंदाला साधारण सोळा ते अठरा चौकटी. पुढे बोलपटाबरोबर वेग चोवीस चौकटींवर स्थिरावला. जुनी फीत या वेगाने चालवली, की माणसं तुरुतुरु धावायला लागतात. मरायला निघालेले सैनिक विदूषकासारखे दिसतात आणि पोरंबाळं हसतात. पन्नास-साठ वर्षं लोकांनी पहिलं महायुद्ध असं पाहिलं. ही काही लहान गोष्ट नव्हे. एका पिढीच्या दुःखाची नकळत झालेली ती थट्टा होती. चांगल्या डिस्कवर हा वेग दुरुस्त केलेला असतो.

पीटर जॅक्सनने २०१८ मध्ये 'दे शॅल नॉट ग्रो ओल्ड' करताना त्याच संग्रहालयाच्या फितींचा वेग सुधारला. त्यांना रंग दिले, ओठांच्या हालचाली वाचणाऱ्या जाणकारांकडून शब्द ओळखून आवाजही दिले. माणसं एकदम जवळची वाटतात, डोळ्यांत पाणी येतं. पण हे रंग आजच्या माणसांनी दिलेले आहेत, हे विसरायचं नाही. साक्षीदार तोच, वकील बदलला.

'विंग्ज' घ्या. १९२७ चा विमानयुद्धावरचा चित्रपट. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पहिला ऑस्कर याला मिळाला. दिग्दर्शक विल्यम वेलमन स्वतः पहिल्या महायुद्धात विमान चालवलेला माणूस. इथे युद्ध खोटं, पण उड्डाणं खरी. पॅरामाउंटने २०१२ मध्ये त्याची ब्लू-रे काढली. तीत जळणाऱ्या विमानांच्या ज्वाळांना पूर्वीसारखा रंग दिला आणि संगीताचे दोन पर्याय ठेवले : एक वाद्यवृंद, एक ऑर्गन. 'सोम'च्या डीव्हीडीवरही असंच आहे. एक नवं संगीत, आणि एक १९१६ मध्ये वादकांना सुचवलेल्या चालींवरचं. दोन्ही लावून बघा. तेच दृश्य एकीकडे शोकगीत वाटतं आणि दुसरीकडे विजयाची मिरवणूक. १९१६ च्या प्रेक्षकाला काय वाटलं असेल, हे समजून घ्यायचं तर ते जुनं संगीत ऐकावंच लागतं, आपल्या कानाला रुचो न रुचो.

'ऑल क्वायट ऑन द वेस्टर्न फ्रंट' हा १९३० चा बोलपट आहे हे सर्वांना माहीत असतं. पण ज्या थिएटरांत आवाजाची सोय नव्हती, त्यांच्यासाठी त्याची मूक आवृत्तीही निघाली होती. ती २०१२ च्या ब्लू-रेवर मूळ चित्रपटाच्या शेजारीच मिळते. डिसेंबर १९३० मध्ये बर्लिनला हा चित्रपट लागला, तेव्हा गोबेल्सच्या माणसांनी थिएटरात पांढरे उंदीर सोडले, गोंधळ घातला, आणि काही दिवसांतच जर्मनीत त्यावर बंदी आली. ज्यांनी बंदी आणायला लावली, त्यांना ठाऊक होतं की हा साक्षीदार धोकादायक आहे.

आता घरातल्या प्रतीचा इतिहास. तो व्हीएचएसपासून सुरू होत नाही, बरं का. फ्रान्सच्या पाथे कंपनीने १९२२ च्या अखेरीस 'पाथे-बेबी' नावाचं घरगुती प्रोजेक्टर काढलं. फीत साडेनऊ मिलिमीटर रुंद, भोकं मध्यभागी. थिएटरातली नायट्रेटची फीत भसकन पेट घ्यायची. ही तशी नव्हती, म्हणून घरात चालत असे. मोठे चित्रपट कापून, लहान करून या फितीवर विकत. १९५० च्या दशकात इंग्लंडमधल्या एका शाळकरी मुलाच्या हाती अशी दोन रिळं आली. चित्रपट होता गान्सचाच 'नेपोलियन', १९२७ सालचा. मुलाचं नाव केव्हिन ब्राउनलो. ती दोन रिळं पाहून तो इतका भारला, की उरलेला चित्रपट शोधण्यात त्याचं आयुष्य गेलं. त्याने जुळवलेली आवृत्ती १९८० मध्ये लंडनला कार्ल डेव्हिसच्या संगीतासह दाखवली गेली. साडेपाच तासांचं तिचं रूप २०१६ मध्ये ब्लू-रेवर आलं. घरातल्या खेळण्यातून एक बुडालेला चित्रपट वर आला, म्हणा ना!

यावरून एक गोष्ट पक्की होते. आपण समजतो, मूळ चित्रपट मोठा आणि घरातली प्रत म्हणजे त्याची सावली. पण मूकपटांच्या बाबतीत मूळ बहुतेकदा शिल्लकच नसतं. कुणाच्या तरी कपाटातली, कापलेली, ओरखडे पडलेली प्रत हाच पुरावा उरतो.

आणि जिथे अशा प्रती नसतात, तिथे काय होतं, हे आपल्याला चांगलं माहीत आहे. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात १९२३ मध्ये 'सिंहगड' हा मूकपट काढला, हरि नारायण आपट्यांच्या कादंबरीवरून. तानाजीची लढाई पडद्यावर! त्यात शेलारमामा झाले होते व्ही. शांताराम. आज तो चित्रपट पाहता येत नाही. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि पी. के. नायरांनी गावोगाव फिरून जे सापडेल ते गोळा केलं. पण तोपर्यंत मूकपटांचा बराच भाग गेला होता. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चेही तुकडेच उरले आहेत, आणि ते १९१३ चे की १९१७ च्या आवृत्तीतले, असा वाद अभ्यासकांत आहे. आपल्या मूकपटांना घरगुती प्रतींचा दुसरा जन्म मिळालाच नाही.

आणखी एक. 'सोम' लंडनला लागला, त्याच्या चार महिने आधी, २९ एप्रिल १९१६ ला मेसोपोटेमियात कूत-अल-अमारा पडलं. वेढ्यात अडकलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. उपाशी राहून त्यांनी शरणागती पाहिली, मग कैद भोगली. त्या वेढ्यावर 'सोम'सारखा चित्रपट कुणी काढला नाही. लंडनच्या आईला पडद्यावर मुलगा शोधता आला. सातारा-रत्नागिरीकडच्या आईला तेवढंही मिळालं नाही. जे चित्रित झालं, तेवढंच युद्ध नव्हे. उलटतपासणीत हाही प्रश्न येतो : साक्षीला कुणाला बोलावलंच नाही?

म्हणून शौकीन मंडळींना आमचं सांगणं एवढंच. प्रत हातात आली की चार गोष्टी बघा. ती कोणत्या फितीवरून केली आहे? वेग काय ठेवला आहे? संगीत कुणाचं, कधीचं? आणि काय गाळलं किंवा जोडलं आहे? चांगल्या डिस्कबरोबर छोटी पुस्तिका असते, ती फेकू नका. आजकाल सगळं इंटरनेटवर पाहायची सवय झाली आहे, सोयीचं आहे, आम्हीही पाहतो. पण तिथली आवृत्ती उद्या बदलली, तर आपल्याला पत्ता लागणार नाही. कपाटातली डिस्क उद्याही आज होती तीच राहते. न्यायालयात मूळ दस्तऐवज जपून ठेवतात, तो याचसाठी.

सोमच्या खंदकातली ती माणसं कॅमेऱ्याकडे वळून बघतात, काही हसतात, काही हात हलवतात. त्यांतल्या कित्येकांची ही शेवटची साक्ष. ती नीट ऐकायची तर आधी नीट तपासायला हवी. आज इथेच थांबतो. कुणाला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.