नर बदकांमधील आक्रमकता
एकत्र पाळलेल्या नर बदकांची भांडणे मुख्यतः प्रजननकाळात, दिवस मोठा होऊ लागला की वाढतात. नर एकमेकांची मान चोचीत धरतात, छातीने रेटतात, पंखांनी झोडपतात. एकाने पळ काढला की प्रकरण बहुधा मिटते. रक्त दिसले किंवा हरलेला खाद्यापासून हुसकावला जाऊ लागला, तरच मध्ये पडावे.

मूळ दुखणे संख्येचे असते. पाच-सहा माद्यांमागे एक नर पुरतो. नर जास्त झाले की माद्यांच्या मानेवरची पिसे उपटली जातात, जखमा होतात. जादा नर वेगळ्या खुराड्यात ठेवावेत. माद्या नजरेआड असल्या की नुसत्या नरांचा कळप पुष्कळदा निवांत राहतो. नवा नर आधी काही दिवस जाळीपलीकडे ठेवावा.

वळसंगसारख्या (ता. दक्षिण सोलापूर) अवर्षणप्रवण भागातील गावात तळ्यावाचूनही बदके पाळता येतात, डोके बुडेल एवढे खोल घमेले पुरते. मात्र घमेले एकच असले तर दांडगा नर ते अडवून बसतो, म्हणून दाणापाणी दोन-तीन ठिकाणी, सावलीत ठेवावे. भांडणे थांबवण्यासाठी चोच छाटू नये. पाण्या-चिखलातले अन्न बदक चोचीनेच गाळून घेते.