तारांच्या वेणीचा इतिहास

इंदापूरचे नाव निघाले की मालोजीराजांची गढी आठवते आणि बारामती म्हटली की मोरोपंत. आम्ही शाळामास्तर मंडळी मुलांना हाच इतिहास शिकवतो, आणि तो शिकवायलाच हवा. परंतु या दोन तालुक्यांचा आणखी एक इतिहास आहे. तो गढीत सापडत नाही की पोथीत सापडत नाही. तो जुन्या पिकअप गाड्यांच्या डॅशबोर्डखाली, काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेला असतो. गॅरेजवाले त्याला नुसते ‘वायरिंग’ म्हणतात, कारखान्यातले लोक ‘हार्नेस’ म्हणतात. मला मात्र ती नेहमी वेणीच वाटते. अनेक पेड एकत्र गुंफलेले, आणि एक पेड सुटला की सगळीच विस्कटणारी.

दिवाळी हा दिव्यांचा सण. तेव्हा गाडीच्या दिव्यांची कथा या अंकात सांगितली, तर वाचकांनी ती अस्थानी मानू नये.

मोटारीत वीज अगदी जन्मापासून खेळत नव्हती. आरंभीच्या गाड्या हाताने हँडल फिरवून सुरू कराव्या लागत, आणि त्यांच्या पुढे कार्बाइडचे किंवा रॉकेलचे कंदील असत. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीला चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा सेल्फ बसला. इंजिन सुरू करणे, ठिणगी पाडणे आणि दिवे लावणे ही तिन्ही कामे एकाच विजेच्या संचाकडे आली. त्या दिवसापासून मोटारीला रक्तवाहिन्यांसारख्या तारा लागल्या, आणि तारांबरोबर तारांची दुखणीही आली.

आमच्या भागाला मोटारीची गरज लागली ती पाण्यामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेचा डावा कालवा बारामती-इंदापुरातून वाहू लागला आणि माळरानावर ऊस उभा राहिला. १९१४ साली दौंडहून बारामतीपर्यंत आगगाडी आली. परंतु आगगाडी शेताच्या बांधापर्यंत येत नाही. बांध ते स्टेशन ही वाट बैलगाडीची होती, ती हळूहळू मोटारीची झाली.

येथे एका नावाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यातल्या कळंब गावाजवळ उसाची शेती उभी केली, साखर कारखाना काढला, आणि तेथे वालचंदनगर वसले. याच गृहस्थांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीशी करार झाला, आणि मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, फार्गो अशा नावांच्या मालमोटारी जुळू लागल्या. १९४९ साली मुंबईतच महिंद्रांची पहिली जीपही जुळली. म्हणजे ज्या माणसाने इंदापूरच्या माळावर ऊस पिकवला, त्यानेच देशात मोटारी जुळवणारी कंपनीही काढली. आमच्या तालुक्याला याचा अभिमान वाटावा तेवढा वाटत नाही, याचे मला नेहमी नवल वाटते.

त्या काळच्या डॉज मालमोटारीची बॅटरी ६ व्होल्टची असे. आज गाड्यांना १२ व्होल्टची असते. हा फरक नुसत्या आकड्याचा नाही. एक सोपे गणित मांडतो. मास्तरकीची सवय सुटत नाही. ३६ वॅटचा दिवा ६ व्होल्टवर लावला तर त्याला ६ अँपिअर प्रवाह लागतो. १२ व्होल्टचा तेवढाच दिवा ३ अँपिअरवर भागवतो. आता वाटेत एखादा जोड गंजला आहे आणि त्याचा अडथळा ०.२ ओहम आहे असे धरा. हिशेब ढोबळ आहे, पण ६ व्होल्टच्या गाडीत त्या जोडावरच सव्वा व्होल्टच्या आसपास, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा गळून जातो. १२ व्होल्टच्या गाडीत गळती विसाव्या हिश्श्यावर येते. म्हणून जुने ड्रायव्हर दिव्यांबद्दल कुरकुरत आणि जुने मिस्त्री हातात पॉलिश पेपरचा तुकडा बाळगून असत. गंज खरवडला की उजेड परत येई.

दुसरी गंमत अशी, की त्या डॉज गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. बऱ्याच इंग्रजी गाड्यांतही १९६० च्या दशकापर्यंत हीच रीत होती. पुढे सर्वत्र ऋण टोक सांगाड्याला जोडण्याची पद्धत रूढ झाली. याच सुमारास डायनामोची जागा अल्टरनेटरने घेतली. अल्टरनेटरमध्ये डायोड असतात, आणि बॅटरी उलटी जोडली तर ते क्षणात जळतात. जुनी रीत अंगवळणी पडलेल्या हातांनाही नवी गाडी पुन्हा शिकून घ्यावी लागली.

तारांचे कपडेही बदलले. आधी रबर आणि त्यावर सुती विणकर असे. महायुद्धानंतर प्लास्टिकचे वेष्टण आले. प्लास्टिकमुळे रंग पक्के राहू लागले, आणि रंग ही तारांची भाषा आहे. इंग्लंडातल्या लुकास कंपनीच्या पद्धतीत तपकिरी तार बॅटरीची, पांढरी इग्निशनची, हिरवी फ्यूजमधून पुढे गेलेली, तांबडी बाजूच्या आणि मागच्या दिव्यांची, निळी हेडलाइटची, आणि काळी अर्थिंगची. १९६१ साली मद्रासमध्ये लुकास-टीव्हीएस निघाली आणि मोटारीची विद्युत उपकरणे देशात तयार होऊ लागली. प्रत्येक कारखान्याची रंगांची बोली थोडी वेगळी असते. परंतु बोली कुठलीही असो, ती ज्याला वाचता येते त्यालाच वायरिंगची दुरुस्ती येते.

१९८८ साली टाटांची ‘टाटामोबाइल’ पिकअप आली. पुढे बारामतीतच पियाजिओच्या कारखान्यातून १९९९ च्या सुमारास ‘आपे’ ही तीनचाकी बाहेर पडू लागली. इटालियन भाषेत आपे म्हणजे मधमाशी. दुधाच्या किटल्या, भाजीची क्रेट, लग्नाचे मंडप, शाळेची बाके, सारे या लहान गाड्यांवर आले. त्यातल्या कित्येक गाड्या आज वीस-पंचवीस वर्षांच्या झाल्या आहेत, आणि अजून राबताहेत.

अशाच एका म्हाताऱ्या पिकअपची दुरुस्ती मी बारामतीत एका मिस्त्रींच्या टपरीपुढे बसून पाहिली. गाडी आमच्या शेजारच्या दूधवाल्याची. दुखणे असे, की वळणाचा इंडिकेटर लावला की मागचा तांबडा दिवाही त्याच्याबरोबर लुकलुके. ब्रेक दाबला की दोन्ही दिवे मिणमिणत. आणि खड्ड्यातून गेले की कधी कधी फ्यूज उडे. मालकाचे म्हणणे सगळी वायरिंगच बदलावी.

मिस्त्री म्हणाले, “गुरुजी, बदलायचं मागनं बघू. आधी हिला किती जणांनी हात लावलाय ते मोजू.”

त्यांनी मीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकाला लावली, दुसरी मागच्या दिव्याच्या पत्र्याला, आणि दिवे लावायला सांगितले. काटा जागेवर राहायला हवा होता. तो चांगला ३ व्होल्टांवर गेला. म्हणजे दिव्यापर्यंत वीज नीट जात होती, तिला परत यायची वाट मिळत नव्हती. परतीची वाट गंजली की प्रवाह शेजारच्या दिव्याच्या तारेतून चोरवाट काढतो, आणि म्हणून इंडिकेटरबरोबर टेललाइट लुकलुकते. जाणारी तार सगळे तपासतात. परतीची वाट कोणाच्या ध्यानात नसते. सांगाड्यावरचा नट खरवडून, नवे थिंबल लावून, वरून ग्रीस दिले, तेव्हा काटा शून्याशी टेकला.

मग बॅटरीचे टोक सोडवून त्यांनी चिकटपट्टी उलगडली, आणि आतून गाडीचे चरित्र बाहेर आले. एका मालकाने म्युझिकल हॉर्न बसवला होता, त्याचा जोड. दुसऱ्याने टेप, तिसऱ्याने धुक्याचे दिवे. एका ठिकाणी तर घरातल्या फिटिंगची तांबडी वायर काळीच्या जागी जोडलेली. हौद्याखाली तार सांगाड्याच्या धारेवर घासून उघडी पडली होती. खड्ड्यात फ्यूज उडे तो तिच्यामुळे. आणि फ्यूजच्या जागी कोणीतरी जाड तांब्याचा तुकडा अडकवलेला. फ्यूज हा पहारेकरी आहे. त्याच्या जागी जाड तार घातली, तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी सगळी वेणी पेटते.

मिस्त्रींनी सगळे वायरिंग बदलले नाही. घासलेला भाग तेवढ्याच जाडीच्या आणि त्याच रंगाच्या तारेने बदलला. जोड एकासमोर एक न ठेवता मागेपुढे ठेवले, म्हणजे गाठ जाड होत नाही आणि दोन जोड एकमेकांना घासत नाहीत. प्रत्येकावर नळी चढवली, पत्र्याच्या भोकात रबर बसवले, तार सायलेन्सरपासून दूर बांधली, आणि फ्यूज कंपनीने सांगितलेल्या अँपिअरचाच लावला. एका ठिकाणी मात्र त्यांना हव्या त्या रंगाची तार मिळाली नाही. तेव्हा त्यांनी माझ्याकडून एका कागदावर लिहून घेतले: ‘मागच्या उजव्या दिव्याची हिरवी तार मधून पिवळी आहे.’ तो कागद प्लास्टिकमध्ये घालून फ्यूजच्या डबीच्या झाकणाला आतून चिकटवला.

मी विचारले, “हे कोणासाठी?”

“पुढच्या मिस्त्रीसाठी. त्याला अंधारात कशाला ठेवायचं?”

माझ्या मते दुरुस्तीच्या साऱ्या शास्त्राचा मर्म या वाक्यात आहे. गाडी कोणा एकाची नसते. ती मालक बदलते, मिस्त्री बदलते, तालुका बदलते. बिघाड बहुधा कारखान्यातून येत नाही. आपल्यापुरते भागवून पुढच्याला काही न सांगता गेलेल्या हातांमुळे तो येतो. जो दुरुस्ती करताना पुढच्या माणसाला वाचता येईल अशी खूण ठेवतो, तो एक प्रकारे इतिहासच लिहितो. शिलालेख कोरणारा आणि हा कागद चिकटवणारा यांच्यात जातीचा फरक नाही, मापाचा आहे.

आणि यात केवळ नीटनेटकेपणाचा प्रश्न नाही. दिवाळीच्या आगेमागे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथल्या कारखान्यांचा गळीत हंगाम उभा राहतो. रात्रभर उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रस्त्याने चालतात, आणि त्यांच्यामधून दुधाची पिकअप पहाटे वाट काढते. भिगवण-इंदापूरकडच्या सोलापूर रस्त्यावर मागून येणाऱ्या भरधाव गाडीला पुढची गाडी दिसते ती केवळ त्या एका तांबड्या दिव्यामुळे. तो दिवा लागला नाही, तर कोणाच्या घरी काय होते हे या भागात वेगळे सांगावे लागत नाही.

खंडेनवमीला आपण वाहनाला हार घालतो, नारळ वाढवतो. ते अवश्य करावे. परंतु हंगामापूर्वी एका संध्याकाळी गाडी अंगणात उभी करून घरातल्या कोणाला तरी मागे उभे करावे, आणि ब्रेक, इंडिकेटर, टेललाइट एकेक लावून विचारावे, “दिसतोय का?” मिणमिणता दिसला, तर आधी परतीची वाट तपासावी. आणि दुरुस्ती केली, तर झाकणाच्या आत दोन ओळी लिहून ठेवाव्यात.