आकाश सगळ्यांचं, गच्ची कुणाची?

पाऊस सगळ्यांच्या दारात सारखाच पडतो. पण पाणी धरायचं तर पागोळीखाली भांडं ठेवावं लागतं, आणि भांडं ठेवायला आपली म्हणावी अशी जागा लागते. उपग्रहावरून येणाऱ्या दूरचित्रवाणीचंही असंच आहे. लहरी सगळ्यांवर पडतात, पण त्या झेलणारी डिश लावायची कुठे? अमेरिकेत हा प्रश्न थेट संसदेपर्यंत गेला, युरोपात घटनेच्या न्यायालयापर्यंत. म्हणून आज या गच्चीवरच्या छत्रीचा इतिहास पाहू.

ऑर्थर क्लार्क या इंग्रज लेखकानं १९४५ साली एक लेख लिहिला. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर उपग्रह ठेवला, तर तो पृथ्वीच्या गतीनंच फिरेल आणि खालून पाहणाऱ्याला एका जागी स्थिर दिसेल, असं त्यानं मांडलं. मग त्याच्याकडे तोंड करून छत्री एकदा पक्की बसवली की काम झालं. मात्र यात एक मेख आहे. उपग्रह विषुववृत्तावर, म्हणून उत्तर गोलार्धात राहणाऱ्याला छत्री दक्षिणेकडेच वळवावी लागते. मध्ये इमारत नको, झाड नको. ही दक्षिण दिशा ध्यानात ठेवा, पुढे तिचंच काम आहे.

१९७५ साली दोन महिन्यांच्या अंतरानं दोन गोष्टी घडल्या. १ ऑगस्टला भारतात ‘साइट’ नावाचा प्रयोग सुरू झाला. अमेरिकेकडून वर्षभरासाठी मिळालेल्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांना शेती, आरोग्य, शिक्षणाचे कार्यक्रम दिसू लागले. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या, तीन मीटर रुंदीच्या छत्र्या होत्या. गावाला एक छत्री, एक संच आणि समोर अख्खं गाव. ३० सप्टेंबरला तिकडे अमेरिकेत एचबीओ या वाहिनीनं मनिलातली महंमद अली आणि जो फ्रेझर यांची मुष्टियुद्धाची लढत उपग्रहामार्फत केबल कंपन्यांना दिली. ग्राहकानं घरी बसून, पैसे भरून ती पाहिली. आकाशातून येणारं चित्र एकाच वर्षी एका देशात चावडीवर उतरलं, दुसऱ्या देशात दिवाणखान्यात.

पुढच्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातले प्राध्यापक टेलर हॉवर्ड यांनी स्वतःच्या घरी छत्री उभारून त्या लहरी परस्पर पकडल्या. हळूहळू हौशी माणसं वाढली. १९७९ साली केवळ कार्यक्रम घेणाऱ्या छत्रीसाठी परवान्याची सक्ती उठली. १९८४ च्या कायद्यानं घरगुती ग्राहकाला आणखी मोकळीक दिली. पण त्या छत्र्या आठ-दहा फुटी, एखाद्या मांडवाएवढ्या. त्या लावायला परसदार हवं. ज्याला अंगण त्याला आकाश, असा हिशेब होता. फ्लॅटमध्ये राहणारा त्यात बसतच नव्हता.

१९९४ साली हे चित्र पालटलं. डायरेक्टटीव्ही या कंपनीनं जेमतेम दीड फुटी डिश बाजारात आणली. पोळपाटापेक्षा थोडी मोठी. ती सज्जाच्या कोपऱ्यातही मावली असती. भांडण इथंच सुरू झालं.

कारण कॉन्डो. आपल्या सहकारी सोसायटीत इमारत सोसायटीच्या नावावर असते आणि आपण तिचे सभासद असतो. कॉन्डोमध्ये फ्लॅट तुमच्या स्वतःच्या मालकीचा, पण बाहेरची भिंत, जिना, गच्ची यांत सगळ्यांचा अविभक्त हिस्सा. अमेरिकेत १९६१ नंतर, म्हणजे अशा घरांच्या कर्जाला सरकारी विम्याचं पाठबळ मिळाल्यावर, ही पद्धत फोफावली. आपल्याकडेही महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा १९७० साली आला, तो याच जातीचा. भिंतीच्या आतली बाजू तुमची आणि बाहेरची सगळ्यांची! अशा भिंतीला डिशसाठी भोक पाडायचं तर परवानगी कुणाची?

मालकांच्या संघटना म्हणाल्या, डिश लावायची नाही. त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. भोकातून पाणी झिरपतं, वाऱ्यानं डिश खाली पडली तर कुणाचं डोकं फुटेल, आणि शंभर सज्जांवर शंभर डिशा लटकल्या तर इमारतीची शोभा ती काय राहणार? रहिवासी म्हणाले, घर आमचं, पैसे आमचे, मग बातम्या कुठून पाहायच्या हे संघटनेनं का ठरवावं?

१९९६ च्या फेब्रुवारीत अमेरिकी संसदेनं दूरसंचाराचा नवा कायदा केला. त्याच्या २०७ व्या कलमानं फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनला सांगितलं, की असली आडकाठी दूर करणारे नियम करा. ते नियम त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला लागू झाले. एक मीटरपर्यंतची डिश लावायला संघटनेला विनाकारण अडवता येणार नाही, उगाच उशीर लावता येणार नाही, खर्च वाढवता येणार नाही. सुरक्षेचा किंवा ऐतिहासिक वास्तूच्या जतनाचा प्रश्न असेल तर गोष्ट वेगळी, पण आपलं बंधन वाजवी आहे हे सिद्ध करायचं संघटनेनं. १९९९ च्या जानेवारीत हा हक्क भाडेकरूंनाही मिळाला. इमारतमालक त्याविरुद्ध कोर्टात गेले, आणि २००१ साली हरले.

पण या हक्काची हद्द पाहा. तो फक्त तुमच्या एकट्याच्या वापरातल्या जागेपुरता, म्हणजे आपली बाल्कनी किंवा आपलं अंगण. सामाईक गच्ची आणि बाहेरची भिंत त्यात येत नाही. डिश कठड्याबाहेर डोकावली तरी संरक्षण संपलं. आता ती दक्षिण दिशा आठवा. ज्याची बाल्कनी दक्षिणेला त्याला कायदा पावला. ज्याची उत्तरेला त्याच्या हातात कायद्याचा कागद, आणि पडदा कोराच. एकाच मजल्यावर, समोरासमोरच्या दोन दारांत, एकच हक्क एकाला मिळाला आणि दुसऱ्याला नाही.

हे सगळं केवळ करमणुकीसाठी, असं वाटत असेल तर थोडं थांबा. परमुलखात राहणाऱ्या माणसाच्या घरी केबलवर त्या देशाची भाषा येते, त्याची स्वतःची येत नाही. अमेरिकेत दूरदेशीच्या भाषांतल्या वाहिन्या पुष्कळदा वेगळ्याच उपग्रहावर असत, त्यांच्यासाठी दुसरी डिश लागे. जर्मनीत एका तुर्की भाडेकरूला घरमालकानं सांगितलं, इमारतीला केबल आहे, मग छत्री कशाला? तो तिथल्या घटना न्यायालयात गेला. ९ फेब्रुवारी १९९४ रोजी न्यायालयानं म्हटलं, की मायदेशाच्या बातम्या मिळवणं, आपल्या भाषेशी आणि संस्कृतीशी नातं टिकवणं हे माहितीच्या स्वातंत्र्यातच येतं, आणि मालकाच्या हक्काबरोबर तेही तोललं पाहिजे.

स्वीडनमध्ये इराकमधून आलेलं एक कुटुंब होतं. आईवडील आणि तीन मुलं. अरबी आणि फारसी वाहिन्यांसाठी त्यांनी डिश लावली. मालकानं हरकत घेतल्यावर ती भिंतीवरून काढून खिडकीतून बाहेर येणाऱ्या लोखंडी दांड्यावर बसवली. तरी भाडेकरार संपवला गेला आणि त्यांना घर सोडावं लागलं. स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयानं १६ डिसेंबर २००८ रोजी त्यांच्या बाजूनं निकाल दिला. न्यायालयानं एक मोलाची गोष्ट सांगितली. राजकारणाच्या बातम्यांइतकंच गाणं, नाटक, करमणूक यांनाही अशा कुटुंबाच्या लेखी महत्त्व असतं. भाषेत जगणाऱ्या कुणालाही हे पटेल. मुलांच्या कानावर आईची भाषा पडावी, म्हणून या घरानं राहतं छप्पर गमावलं.

आपल्याकडे हा वाद इतका पेटला नाही. १९७२ साली मुंबईत दूरदर्शन आलं तेव्हा गच्च्यांवर काड्यांच्या अँटेनांचं रान माजलं, आणि ‘दिसतंय का?’, ‘अजून थोडं डावीकडे!’ अशा आरोळ्या घुमल्या. १९९१ च्या आखाती युद्धानंतर केबलवाला आला. त्यानं एक मोठी छत्री लावली आणि गच्च्यांवरून वायर टाकत अख्खी गल्ली जोडली. ती एका परीनं ‘साइट’मधल्या गावाचीच शहरी आवृत्ती होती. घरोघरच्या डिशा आल्या २००३ नंतर. तेव्हा मात्र आपल्या सोसायट्यांच्या सभांनाही शोभा, गळती आणि गच्ची हे शब्द ऐकायला मिळाले.

यावर उपाय अमेरिकेच्या नियमांतच होता. संघटनेनं गच्चीवर एक सामाईक डिश लावावी आणि तारा घरोघर न्याव्यात. तेवढ्याच खर्चात तेवढ्याच चांगल्या वाहिन्या मिळत असतील, तर वेगळी डिश मना करता येते. पण त्यासाठी सभेला यावं लागतं, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या माणसाला कुठली भाषा हवी आहे ते विचारावं लागतं.

आज पुष्कळ घरांत हे कार्यक्रम इंटरनेटवरून येतात, तिथं बाल्कनीची दिशा आड येत नाही. गच्चीवरचं भांडण मात्र संपलेलं नाही. आता तिथं सौर पॅनेल लावायचे असतात, खाली वाहनतळात विजेच्या गाडीला चार्जर हवा असतो. कायदा प्रत्येकाला त्याच्या कठड्यापर्यंतचा हक्क देईल. त्याच्या पुढची जागा सामाईक आहे, तिथं शेजाऱ्याशी बोलावंच लागेल.